आइस्क्रीमच्या पेटीत मुरवलेली तंबाखू

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. ती पेटी माझी होती. यवतच्या भंगारवाल्याकडून ती मी निवडली, टेम्पोत घालून दौंडला मी आणली, आत वायरी मी ओढल्या आणि शॉकही मीच खाल्ले. आज आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, "ती पेटी कुणाची?" लहान पोरसुद्धा सांगेल, "पार्वतीबाईंची." पार्वतीबाई म्हणजे माझी आई. तिने त्या पेटीला एक स्क्रूसुद्धा लावलेला नाही.

गोष्ट दोन हजार पाच सालची. आई शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहायची. त्या जानेवारीत ती नळाजवळच्या शेवाळावर घसरून पडली आणि डावे मनगट मोडले. तासभर ती तिथेच बसून होती. शेजारची सोजराबाई पाण्याला आली, तेव्हा कुठे कळले. त्या एका तासाचा मी आजही विचार करतो. सोजराबाई त्या दिवशी बाजाराला गेली असती तर? म्हणून मी आईला उचलून दौंडला आणले. यथावकाश प्लास्टर निघाले, आणि प्लास्टर निघाल्या दिवशीच तिने जाहीर केले, "जयंती झाली की मी जाणार."

जयंती चौदा एप्रिलला. म्हणजे माझ्या हातात जेमतेम दीड महिना होता.

"अगं पण का? काय कमी आहे इथे?" मी विचारले.

"हितं मिशरी धड न्हाई," आई म्हणाली.

ज्यांना मिशरी माहीत नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईस्तोवर भाजायचे, चुरायचे, आणि ती पूड बोटावर घेऊन दातांना लावत बसायचे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांना सकाळी मिशरी लावल्याशिवाय उजाडल्यासारखे वाटत नाही. मी कुरकुंभच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मिशरीचे दुष्परिणाम मला पाठ आहेत. मी ते आईला तक्ता काढून समजावून सांगितलेले आहेत आणि तिने ते मिशरी लावत लावत शांतपणे ऐकलेले आहेत.

पण तिला जाऊ द्यायचे नव्हते. तत्त्वाला मुरड घालून मी दौंडच्या बाजारातून पाच दुकानांच्या पाच पुड्या आणल्या. तिने एकेक चाखली आणि एकेक थुंकली. "ह्यात वीट हाय. ह्यात गवरीची राख हाय. हिच्यात तर काहीच न्हाई. तुझा बाप पान आणायचा, ते भाजाय लागलं की आख्ख्या आळीला ठसका लागायचा. तसं पान हाय का तुमच्या दौंडात?"

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण मी बी.एस्सी. आहे, तेही केमिस्ट्री घेऊन. मी म्हणालो, "तसे पान मी तयार करतो. मग राहशील?"

"बघू," आई म्हणाली. आमच्या घराण्यात "बघू" म्हणजे करार असतो, असे मी समजून चाललो.

आमच्या लॅबमधला रविराज निपाणीकडचा. त्याच्या सासरी तंबाखूचे पीक. त्याने दोन गठ्ठे पाने आणून दिली आणि बजावले, "नुसतं वाळलेलं पान कामाचं नव्हं. ते मुरलं पाहिजे." शेतकरी पाने रचून महिनोन् महिने मुरवतात. मला तेवढी सवड नव्हती. मी चार पुस्तके चाळली, रविराजच्या सासऱ्यांना एसटीडीवरून गाठले आणि हिशेब मांडला: पन्नास अंश उष्णता, सत्तर टक्के ओलावा, अठ्ठावीस दिवस. सतरा मार्चला सुरू केले तर बरोबर चौदा एप्रिलला पान तयार. हा योग जुळलेला पाहून मी स्वतःच्या बुद्धीवर खूश झालो. तो आनंद मी इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे या गोष्टीत मला कुठेही आनंद झालेला नाही.

उष्णता बाहेर न सोडणारी भट्टी हवी होती. यवतला भंगारात एक बंद पडलेला आइस्क्रीमचा डीप फ्रीझर मिळाला. लांबट, पांढरा, वर सरकती काच. बाजूला लालभडक चेरीचा कोन आणि तो चाटणारा एक गुबगुबीत मुलगा. आत मी शंभर वॅटचे चार बल्ब बसवले, ओलाव्यासाठी पाण्याचे पातेले आणि भिजवलेले गोणपाट ठेवले, थर्मामीटर टांगला आणि तारेवर पाने अडकवली. काचेवर जाड गोधडी टाकली. आमचे क्वार्टर तळमजल्यावर असल्याने पेटी मागच्या पायरीशी बसवली. मी तिला "क्युरिंग चेंबर" म्हणत असे. हा शब्द माझ्याखेरीज कुणीही, कधीही, एकदासुद्धा उच्चारला नाही.

"फ्रिज घ्या, फ्रिज घ्या म्हणून मी तीन वर्षं सांगतेय," माझी बायको भाग्यश्री म्हणाली. "शेवटी आणला. तोही गरम करणारा."

कॉलनी गोळा व्हायला वेळ लागला नाही. समोरच्या सिंधूबाईंनी त्या पोराच्या चित्राकडे बोट दाखवून "हे पोरगं काढून टाका बाई, त्याच्या पोटात तंबाखू बरी दिसत न्हाई," असा आक्षेप घेतला. कुणी म्हणाले बल्ब खाली हवेत, कुणी म्हणाले वर हवेत. एकाने भोक पाडायला सांगितले आणि मी पाडल्यावर दुसऱ्याने ते बुजवायला सांगितले. सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात तंबाखूचे झाड पाहिलेले नव्हते. मी पाहिले होते की नाही हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

सर्वांत मोठा घाव घातला तो कॉलनीतल्या ज्ञानदेवमामांनी. मामा तंबाखूच्या सरकारी गोदामावर शिपाई म्हणून रिटायर झालेले. त्यांनी पेटीला एक फेरी मारली, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीर आवाजात विचारले, "लायसन कुठंय?"

"कसलं लायसन, मामा?"

"तंबाखू म्हंजी सरकारी मामला. एक पान हिकडचं तिकडं झालं तर साहेब जीप घिऊन यायचा. मी डोळ्यानं बघितलंय. तुम्ही नोकरदार मानूस, कशाला इषाची परीक्षा? रीतसर अर्ज टाका."

मी नोकरदार माणूस असल्यामुळेच घाबरलो. एक दिवस रजा टाकून अर्ज घेऊन निघालो. पहिल्या कचेरीत दोन कारकून होते. एकाला असा काही कायदा होता हेच माहीत नव्हते आणि दुसऱ्याला तो अजून आहे की गेला हे माहीत नव्हते. दोघांनी मिळून मला शेतीच्या कचेरीत पाठवले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून विचारले, "क्षेत्र किती?"

"क्षेत्र नाही. पेटी आहे. साडेचार फूट."

"पीक?"

"पीक नाही. दोन गठ्ठे आहेत."

साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिले. त्यांच्याकडे तंबाखूचा फॉर्म नव्हता. पण शेतमाल साठवण्याची सोय या सदरात बसणारा एक फॉर्म होता, कांदाचाळीचा. "हाच भरा. कांदा खोडून तंबाखू लिहा," ते म्हणाले. मी खोडले, लिहिले, सही केली. यावर महिनाभराने मला टपालाने उत्तर आले की, "आपली पेटी ही कांदाचाळ नसल्याने आपली अनुदानाची मागणी फेटाळण्यात येत आहे." मी अनुदान मागितलेच नव्हते! न मागितलेली गोष्ट नाकारून घेण्याचा अपमान किती जणांच्या वाट्याला येतो, मला माहीत नाही. ज्ञानदेवमामांनी ते पत्र हातात घेऊन "सुटलात," एवढेच म्हटले.

इकडे पेटीत पहिले चार दिवस थर्मामीटर पन्नासावर टेकून राहिला. पाचव्या दिवशी लोडशेडिंगचे नवे वेळापत्रक आले. दिवसाचे सहा तास वीज गायब. वीज गेली की पेटी गार, पेटी गार झाली की पानांना बुरशी. मी डोके खाजवत बसलो असताना आई म्हणाली, "इटा तापवून ठिव की."

मला राग आला, कारण उपाय बरोबर होता. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, आठ विटा आणल्या. वीज गेली की तापलेल्या विटा पत्र्यावर ठेवून पेटीत सोडायच्या, दोन तासांनी बदलायच्या. पण मी शिफ्टला. भाग्यश्री शाळेत शिकवायला. उरली आई. उजव्या हाताने ती चिमट्याने वीट उचलायची आणि तोंडाने मला शिव्या घालायची. मी तिला थर्मामीटर वाचायला शिकवले. दोन दिवस तिने वाचला, तिसऱ्या दिवसापासून ती गोधडी उचलून नुसता हात आत घालायची आणि "अजून दोन इटा मागतीय" असे सांगायची. मी पडताळून पाहिले. अठ्ठेचाळीस अंश असायचे. हा योगायोग आहे असे मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

दुपारी चुलीपाशी आई एकटी बसलेली दिसली की येणारी-जाणारी बाई थांबायची. सिंधूबाई यायच्या, त्यांची लेक पूनम यायची, वरच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी यायच्या. मी शिफ्टवरून यायचो तेव्हा पायरीवर बायांची बैठक भरलेली असायची आणि मला माझ्याच घरात बाजूने जावे लागायचे. "पानं कशी आहेत?" हा साधा प्रश्न विचारावा असे एकीलाही वाटले नाही.

विसाव्या दिवशी, पाच एप्रिलला, फर्स्ट शिफ्ट करून मी घरी आलो. मागच्या पायरीशी गर्दी होती. गोधडी दूर केलेली, काच सरकवलेली, आणि माझ्या तारांवर, जिथे सकाळी माझी पाने होती, तिथे पांढऱ्याशुभ्र कुरडया मांडलेल्या होत्या.

"हे काय आहे?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"कुरडया हायत," आई म्हणाली. "आंधळा झालास का?"

झाले होते असे. सिंधूबाईंनी तीन दिवस गहू भिजवून चीक काढला होता. सकाळी तो शिजवला, सोऱ्याने कुरडया घातल्या, आणि आभाळ भरून आले. ऊन नाही म्हणजे कुरडई आंबणार. त्यात आठ तारखेला पूनमला बघायला यवतची मंडळी येणार. सिंधूबाई रडकुंडीला आल्या. आईने पेटीत हात घातला, अदमास घेतला, पाण्याचे पातेले आणि गोणपाट बाहेर काढले आणि माझ्या वीस दिवसांच्या साधनेला बाहेरचा रस्ता दाखवला.

"अगं, पण अठ्ठावीस दिवस सलग लागतात! आठ दिवस राहिले होते!"

"पानं कुठं पळून चालली न्हाईत. तुझ्या दिवाणावर गादीखाली घालून ठिवल्यात. दाबून बसली म्हंजी मुरत्याल."

"भाऊ, पोरीच्या लग्नाचा सवाल हाय वो," सिंधूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. माझ्या आईच्या राहण्याचा सवाल होता, पण तो मी कुणापुढे डोळ्याला रुमाल लावून मांडला नव्हता, ही माझी चूक. मी आत जाऊन गादी उचलून पाहिली. पाने चपटी होऊन निवांत पडली होती.

कुरडया एका दिवसात खडखडीत वाळल्या. फक्त त्यांना तंबाखूचा वास लागला. सिंधूबाईंना तो आला नाही. त्या आठवडाभर आमच्या पायरीवर बसून होत्या, त्यांचे नाक मेले होते. आठ तारखेला पाहुणे आले. शेजारी म्हणून मीही होतो. पोह्यांबरोबर तळलेल्या कुरडया आल्या. मुलाच्या मामांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि ते थांबले. दुसरा तुकडा त्यांनी नाकाशी नेला. माझ्यामुळे एका मुलीचे लग्न मोडणार होते.

"ह्या कुरडया कुणी केल्या?" मामांनी विचारले.

"मीच," सिंधूबाई चाचरत म्हणाल्या.

मामांच्या डोळ्यांत चक्क पाणी आले. "आमच्या आईच्या कुरडईला असाच वास यायचा बघा. मिशरीचा हात असायचा तिचा. आई जाऊन बारा वर्सं झाली, पुन्हा असली कुरडई खाल्ली न्हाई." आणि त्यांनी ताटलीतल्या बाकीच्या कुरडयाही स्वतःकडे ओढल्या. लग्न त्याच बैठकीत ठरले. पूनम लाजून आत पळाली, सिंधूबाई थेट आमच्याकडे आल्या आणि आईच्या पाया पडल्या. मी शेजारीच उभा होतो. मला कुणी एक पेढासुद्धा दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पेटीला नंबर लागले. आभाळ तसेच होते आणि कॉलनीत वाळवणाचे दिवस. पापड, सांडगे, चिकवड्या. कुणाच्या कंपनीच्या युनिफॉर्मची ओली पँटसुद्धा मी एकदा त्यात पाहिली. पाने परत आत ठेवावीत म्हणून मी विनंती केली, तर आईने मला मंगळवारनंतरचा नंबर दिला. मंगळवारी भाग्यश्रीने बातमी आणली की आमच्या दिवाणातले ढेकूण नाहीसे झाले आहेत. ही बातमी तिने मला सांगण्याआधी कॉलनीला सांगितली होती. संध्याकाळपर्यंत माझी निपाणीची पाने, रविराजच्या सासऱ्यांनी निवडून दिलेली, वीस दिवस पन्नास अंशांवर जपलेली, आईने मूठमूठ वाटून टाकली होती आणि ती तीन मजल्यांवरच्या गाद्यांखाली कामाला लागली होती.

"अगं, ती तुझ्यासाठी होती!" मी ओरडलो.

"माझ्यापुरती ठिवल्यात की," आई म्हणाली आणि एक लहानशी जुडी दाखवली.

चौदा एप्रिल उजाडला. सकाळी मिरवणूक झाली, आई नवी पांढरी साडी नेसून वंदनेला जाऊन आली. दुपारी मी ती शेवटची जुडी घेतली आणि स्वतःच्या हाताने तव्यावर भाजली. ठसका असा लागला की वरच्या मजल्यावरून खिडक्या आपटल्याचे आवाज आले. ज्ञानदेवमामा रस्त्यावरून ओरडले, "लायसन न्हाई म्हणून सांगत हुतो!" माझ्या छातीत मात्र आशा होती. मी पूड केली, वस्त्रगाळ केली, डबीत भरली आणि पायरीवर बसलेल्या आईपुढे धरली. तिने चिमूट घेतली, बोट दातांवरून फिरवले, डोळे मिटले. मग ती बाजूला थुंकली.

"काय?"

"करपलीय," आई म्हणाली. "आन् गादीचा वास येतोय."

माझा संयम तिथे सुटला. मी म्हणालो, "मग जा! झाली तुझी जयंती! साडेतीनची गाडी आहे, मी स्टँडवर सोडतो. राहा तिकडे एकटी, पड पुन्हा नळावर, आणि बस तासभर!" शेवटचे वाक्य बोलताना माझा आवाज फुटला, हे मी लपवत नाही.

"कशी जाऊ?" आई म्हणाली. "उद्या वरच्या बाईचे सांडगे हायत. परवा चिकवड्या. मे म्हैन्यात पूनमचं लगीन, तिच्या रुखवताच्या कुरडया पेटीतच करायच्या म्हणून यवतवाल्यांचा निरोप हाय. मी गेल्यावर इटा कोण बदलणार? तू शिफ्टला. भाग्यश्रीला इटंचा अदमास न्हाई."

"आणि मिशरी?"

"आण की दुकानातली कसलीबी."

"त्यात वीट असते ना?"

"असंना. चार जणींत बसून लावली की कुठं कळतंय? हितं आले तवा पायरीवर एकटीच बसत व्हते, तवा कळायचं."

मी तिथेच पायरीवर बसलो. अठ्ठावीस दिवस, चार बल्ब, आठ विटा, एक रजा, एक कांदाचाळ. हे आधी सांगायला काय झाले होते या बाईला? आनंद झाला होता, पण तो दाखवावा इतकी माझी इज्जत शिल्लक नव्हती. एवढ्यात वरच्या मजल्यावरून सांडग्यांची परात आली आणि मला उठून जागा करून द्यावी लागली.

मे महिन्यात आईनेच विषय काढला, "माझं नाव तिकडच्या रेशनकार्डावरनं काढून हिकडं घाल. दोन ठिकाणी कशाला?" मी साप्ताहिक सुट्टी खर्ची घालून तिला शिरूरला घेऊन गेलो. रेशनच्या खिडकीशी तासभर उभे राहिलो. कारकुनाने फॉर्म पुढे ओढला, गाव लिहिले, तालुका लिहिला आणि पेन उचलून विचारले, "नाव कमी करण्याचं कारण?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "दौंडला पेटी बघायला असती मी."

"पेटीचं कारण चालत नाही आजी," कारकून म्हणाला. "छापील कारणांत बसलं पाहिजे. मयत, लग्न, नाहीतर मुलाकडे वास्तव्य."

आईने एकदा माझ्याकडे पाहिले, पायापासून डोक्यापर्यंत, जणू मी कुठल्या सदरात बसतो ते ती ठरवत होती. मग ती खिडकीकडे वळली.

"लिवा मग पोराकडं," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी कागद अडायला नको."

कारकुनाने लिहिले. आईने साक्षरता वर्गात शिकलेली सही सावकाश केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी रागारागाने पेन घेतले आणि "मुलगा" या शब्दासमोर सही ठोकली. ती सही मी पुढे बराच वेळ बघत होतो. आयुष्यात एवढी चांगली सही माझ्या हातून कधीच झालेली नाही.